अनेकान्ताचे दूत : वीरचंद राघवजी गांधी

सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी जन्मलेले वीरचंदभाई १८८४ साली मुंबईत पदवीधर झाले आणि एकविसाव्या वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मंत्री बनले. सम्मेदशिखरावरील चरबीच्या कारखान्याविरुद्धच्या दाव्यासाठी ते बंगाली शिकले व जुने दस्तऐवज त्यांनी स्वतः अभ्यासले.

१८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरी (आत्मारामजी) महाराजांना आले होते. साध्वाचारामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंदभाईंना तत्त्वज्ञानाचे पाठ देऊन पाठविले. काठियावाडी पगडी घातलेल्या या तरुणाने तेथे जैन दर्शन मांडले. तेथेच एका पाद्र्याने हिंदू मंदिरांवर कठोर टीका केली, तेव्हा जैन प्रतिनिधी असूनही वीरचंदभाई उत्तर देण्यास उभे राहिले. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हाच त्यांच्या लेखी अनेकान्त होता.

पुढे अमेरिका व इंग्लंडमध्ये त्यांनी भारतीय दर्शने, कर्मसिद्धान्त यांवर व्याख्याने दिली. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत संस्था उभारली. १८९६-९७ च्या दुष्काळात तेथून धान्याचे जहाज भारतात आले, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते.

एवढे करूनही समुद्र ओलांडल्याबद्दल स्वकीयांतील काहींचा रोष त्यांना सोसावा लागला. ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत अवघ्या ३६ व्या वर्षी ते निवर्तले. परक्यांशी संवाद साधणाऱ्या आपल्याच माणसाला समजून घेण्यास समाजाने उशीर करू नये, हा बोध त्यांच्या चरित्रातून घेऊन या थोर श्रावकास विनम्र अभिवादन करूया.