तिशीत बांधलेले घुंगरू

मैत्रिणींनो, आमच्या महिला मंडळातल्या एकीने परवा भरतनाट्यमच्या क्लासचा फॉर्म आणला. वय चव्वेचाळीस. फॉर्म भरला आणि कपाटात साड्यांखाली दडवून ठेवला! का, तर लोक काय म्हणतील? मग तिला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

२९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईच्या एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील इंजिनिअर. नाचाचं मात्र घरात नावही काढायची सोय नव्हती. भरतनाट्यमला तेव्हा ‘सदिर’ म्हणत. ते देवदासींचं काम, भल्या घरच्या मुलींचं नव्हे, असाच समज होता. त्यात १९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, रुक्मिणीदेवींनी थिऑसॉफिकल सोसायटीतल्या जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशी लग्न केलं. मद्रासमध्ये केवढा गहजब झाला!

१९२८ साली मुंबईत त्यांनी रशियन नर्तिका अ‍ॅना पावलोवा यांचा कार्यक्रम पाहिला आणि त्या भारावून गेल्या. पुढे बोटीच्या प्रवासात दोघींची मैत्री जमली. पावलोवांच्या ताफ्यातल्या क्लिओ नॉर्दी यांच्याकडे त्या बॅले शिकू लागल्या. पण आपल्या मातीतलं नृत्य शोध, असं पावलोवांनीच सुचवलं.

नंतर मद्रासमध्ये त्यांनी सदिर पाहिलं आणि मनाने घेतलं, हेच शिकायचं! वय तिशीच्या आसपास. १९३४ मध्ये पती सोसायटीचे अध्यक्ष झालेले. घरी देशोदेशींच्या पाहुण्यांची ये-जा. अशी बाई देवदासी परंपरेतल्या मैलापूर गौरी अम्माळ यांच्यासमोर विद्यार्थिनी म्हणून बसली. पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिल्लै हे थोर गुरू. तेही आधी शिकवायला कचरत होते, पण अखेर तयार झाले. गुडघे वाकवून अर्धं बसायचं आणि लाकडी ठोकळ्यावर पडणाऱ्या काठीच्या तालावर पावलं टाकायची. लहान मुली जिथून सुरू करतात तिथूनच यांनीही सुरू केलं.

डिसेंबर १९३५ मध्ये अड्यारला सोसायटीच्या हीरक महोत्सवात, एकतिसाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा रंगमंचावर आल्या. १९३६ मध्ये त्यांनी संस्था काढली, तीच पुढे ‘कलाक्षेत्र’ म्हणून जगभर गाजली.

टीकाही झाली. शृंगाराला त्यांनी कात्री लावली, हे बालसरस्वतींना मुळीच पटलं नाही. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ज्या घराण्यांनी ते जपलं त्या बायका मागे पडल्या, हेही विसरून चालणार नाही.

पुढे रुक्मिणीदेवी राज्यसभेत गेल्या. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून आला. १९७७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी विचारणा झाली, तीही त्यांनी नाकारली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्या गेल्या.

मैत्रिणीला म्हटलं, गुडघे-पाठीचं डॉक्टरांना विचारून घे, सुती सलवार-कमीज घाल, ओढणी कमरेला घट्ट बांध, भरल्या पोटी जाऊ नकोस. आणि चपलांबरोबर आपलं वय नि मानही दाराबाहेरच ठेव. रुक्मिणीदेवींनी तेच तर केलं!

काल फॉर्म कपाटातून बाहेर आला. सोमवारी तिचा पहिला क्लास आहे.