देवळालीचे कापरेकर मास्तर

कॅल्क्युलेटरशिवाय आपलं पान हलत नाही. पण एक गुणाकार मी मुद्दाम कागदावर केला. १११११११११, म्हणजे नऊ वेळा एक, याचा वर्ग. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं! अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. तिथे कल्पना सुचली म्हणून हे नाव ठेवलं एका मराठी शाळामास्तरांनी.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि पदव्या तिथेच थांबल्या. १९३० ते १९६२ त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. उरलेला वेळ आकड्यांचा.

त्यांची नजर कशी होती ते आपल्या सतरा अंकी संख्येवरच बघा. तिच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला मास्तरांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी.

दुसरी कसोटी जन्माची. १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून १५ ही २१ ची जनक. २० ला मात्र असा जनकच नाही. ती स्वयंभू संख्या. आपली सतरा अंकी? मी शोधलं, जनक सापडला: १२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीजही ८१. मिळवून बघा. म्हणजे आपली संख्या डेम्लो आहे, हर्षद आहे, पण स्वयंभू नाही.

देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. मास्तरांनी पुस्तिका स्वतःच छापल्या. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला पहिला प्रश्न असतो, परीक्षेला आहे का? मास्तरांच्या कामाला ना मार्क होते, ना प्रमोशन. तरी ते आयुष्यभर करत राहिले, आणि आज ६१७४ जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. सबमिशनच्या धावपळीत कधी अर्धा तास मिळाला तर वहीचं मागचं पान उघडा आणि एक चार अंकी संख्या घ्या. तुमच्या रूम नंबरपासून सुरुवात केली तरी चालेल, कमी अंक असतील तर पुढे शून्य लावा!