लोखंड होतं, आच नव्हती

सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरून धावणारे ट्रक गडचिरोली-चंद्रपूरच्या कॉलेजातल्या प्रत्येकाने पाहिले असतील. लाल धुळीने माखलेले ते रस्ते आता ओळखीचे झालेत. पण आपल्या या जंगलपट्ट्यातल्या लोखंडावर पोलादाचा मोठा कारखाना उभारायचं पहिलं स्वप्न पाहणारा माणूस १९०४ मध्येच हे जग सोडून गेला. जमशेदजी नसरवानजी टाटा. त्यांचा कारखाना इथे झाला असता, तर ‘जमशेदपूर’ कदाचित चांदा जिल्ह्यात असतं. तसं झालं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण होतं भट्टीची आच.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीतल्या पारशी पुरोहित घराण्यातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८५८ मध्ये ते बाहेर पडले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढे कापड गिरणी काढायची ठरली, तेव्हा सगळे मुंबईकडे धावत असताना यांनी नागपूर निवडलं. कापूस जवळ, रेल्वे हाताशी आणि वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नाही. १ जानेवारी १८७७ ला तिथे एम्प्रेस मिल सुरू झाली. म्हणजे कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना इंधन कुठून येणार, याचा विचार तेव्हापासूनच त्यांच्या डोक्यात होता.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम खनिज आहे, असं त्यात होतं. वरोऱ्याची खाण तर नुकतीच चालू झालेली. लोखंड इथे, कोळसा इथे, आणखी काय पाहिजे? जमशेदजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. दुसरा एखादा शेठ लगेच पाया खणायला निघाला असता. यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने घेतले आणि ते जर्मनीत तपासून घेतले. निकाल आला: हा कोळसा चालणार नाही.

का चालणार नाही, हे समजून घ्यायला हवं. झोतभट्टीत कोळशाला तीन कामं असतात. जळून उष्णता द्यायची, खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि वर रचलेल्या टनावारी मालाचा भार चुरा न होता पेलायचा. त्यासाठी कोळशाचा कोक करावा लागतो. हवा न लागू देता तापवला की काही जातींचा कोळसा मऊ होतो आणि मग घट्ट, सच्छिद्र, टणक होऊन बसतो. वरोऱ्याचा कोळसा तसा बांधून येत नाही. इंजिनाच्या बॉयलरखाली तो छान जळेल, पण झोतभट्टीत त्याचा भुगा होईल आणि हवेची वाटच बंद पडेल. थोडक्यात, नुसतं ‘गरम होतंय ना’ एवढं पुरत नाही. ती उष्णता कशासाठी हवी आणि कुठल्या परिस्थितीत हवी, हे आधी विचारावं लागतं.

त्यातच सरकारचे खाणपट्ट्याचे नियम जाचक. प्रकल्प बाजूला पडला, पण जमशेदजींच्या डोक्यातून गेला नाही. लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले तसे ते पुन्हा कामाला लागले. १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत जाऊन त्यांनी पोलाद कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठलं. पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्डला भारतात धाडलं. १९०४ च्या ऐन उन्हाळ्यात वेल्ड आणि जमशेदजींचे पुत्र दोराबजी बैलगाड्यांतून चांद्याचं जंगल तुडवत होते. एप्रिल-मे महिन्यातला चांदा कसा असतो, ते आपल्याला काय सांगायचं! लोहाऱ्याचं खनिज खरंच चांगलं निघालं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं. आणि कोळशाचं रडगाणं तेच.

१९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे जमशेदजी गेले. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे पुढे शोध मयूरभंजकडे वळला. तिथून झरियाचा कोक होणारा कोळसा जवळ. साकचीला कारखाना झाला आणि १९१२ मध्ये त्यातून पोलाद निघालं. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं.

त्यांचं आणखी एक स्वप्न विजेचं होतं. घाटातला पाऊस अडवायचा, पाणी खाली सोडायचं आणि धुराऐवजी विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली, तीही त्यांच्यामागे. बंगळूरच्या त्यांच्या विज्ञान संस्थेत १९११ ला शिकवणं सुरू झालं, तेव्हा सुरुवातीच्या विभागांतच विद्युत तंत्रज्ञान होतं.

त्या काळी विजेने भट्टी तापवणं मात्र सोपं नव्हतं. लाल होऊन टिकेल अशी स्वस्त तारच नव्हती. ती मिळाली अल्बर्ट मार्शच्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूमुळे. त्याचं पेटंट १९०६ चं, म्हणजे जमशेदजींनंतर दोन वर्षांनी. आज लॅबमधली मफल फर्नेस असो की कारखान्यातली सुट्या भागांना पाणी द्यायची भट्टी, एलिमेंट निवडताना प्रश्न जमशेदजींच्याच जातीचे असतात. तापमान किती? साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत नायक्रोम, १४०० च्या आसपास लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियम, १६०० पर्यंत सिलिकॉन कार्बाइड आणि त्याच्याही वर मॉलिब्डेनम डायसिलिसाइड. पण नुसता आकडा बघून कॉइल घेतली की फसगत ठरलेली. भट्टीत वायू कुठला आहे? गंधक असेल तर निकेलची तार खाल्ली जाते. तारेच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला किती वॅटचा भार पडणार? तो जास्त झाला की तार लवकर जळते. भट्टी सतत चालणार की रोज चालू-बंद होणार? ही उत्तरं मिळाल्यावरच कॅटलॉग उघडायचा.

आणि वरोऱ्यासारख्या त्या ‘नालायक’ कोळशाचं काय झालं? घुग्घुसला आणि आता कोनसरीला स्पंज आयर्न होतं. त्या फिरत्या भट्टीत कोळशाला कुणाचा भार पेलायचा नसतो, त्यामुळे कोक न होणारा कोळसाही चालतो. स्पंज आयर्न पुढे वितळवायचं ते विजेच्या भट्टीत. जमशेदजींची अडचण अशी पद्धत बदलून सुटली, कोळसा बदलून नाही.

प्रश्न मात्र संपलेले नाहीत. सूरजागडचा डोंगर माडिया-गोंडांसाठी ठाकूरदेवाचं ठिकाण आहे. खाणीतून काय मिळणार आणि काय जाणार, यावर इथे वर्षानुवर्षं वाद आहे. इथल्या कारखान्यांत उद्या तुमच्यातलेच कुणी केमिस्ट, फिटर, इंजिनिअर म्हणून लागतील. भट्टी पेटवायच्या आधी नमुना तपासायची जमशेदजींची सवय त्यांनी उचलावी, आणि ती फक्त कोळशापुरती ठेवू नये.