पंडिता रमाबाई आणि गरीबखान्यांतील मुली

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच आढळेल. त्यांची विद्वत्ता व त्यांनी केलेले शास्त्राचे मराठी भाषांतर सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरकारच्या आश्रयास पडलेल्या निराधार मुलींकरिता त्या कशा झटल्या, हे आम्ही आज सांगणार आहो. झरी जामणी तालुक्यातील कोलाम व गोंड लोकांची पुष्कळ लेकरे आईबापांपासून दूर आश्रमशाळांत राहतात. म्हणून ही हकीकत तेथील वाचकांच्या विशेष उपयोगी पडेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते, व आईने ते रमाबाईंस शिकविले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही वारली. रमाबाई बंधू श्रीनिवास यांजबरोबर देशभर पायी फिरल्या. उपाशी लेकराचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्यांचा गौरव केला. १८८० साली विवाह झाला, आणि १८८२ साली त्या विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापिले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. झरी जामणीचा मुलूख तेव्हा वऱ्हाडातील वणी जिल्ह्यात मोडत असे; वर्धा नदी ओलांडली की मध्यप्रांत लागे. रमाबाई तिकडे गेल्या व सरकारी गरीबखाने आणि दुष्काळी छावण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. तेथे अन्न मिळत होते, छप्पर होते. परंतु मुलींस रक्षण नव्हते. राखणीस नेमलेल्यांपैकी काहींचीच नजर वाईट होती, आणि भाकरीसाठी मुलींस अब्रू गमवावी लागत होती. रमाबाईंनी अधिकाऱ्यांस हे कळविले, आणि सुमारे ३०० मुली आपल्याबरोबर आणिल्या.

इतक्यात पुण्यास प्लेग आला. शहरात नव्या मुली ठेवण्याची मनाई झाली, म्हणून त्यांस केडगावच्या माळावर नेले. त्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगच्या दवाखान्यातील व छावणीतील स्त्रियांची दुर्दशा उघड केली; आपल्या संस्थेतील एका मुलीची तेथे काय दशा झाली, हेही कळविले. विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नरांनी आरोप नाकारला. ज्या सरकारच्या परवानगीवाचून आपले काम चालणे कठीण, त्यालाच दोष देणे सोपे नव्हते. तरी त्या गप्प राहिल्या नाहीत.

केडगावी मुक्तिसदन वाढले. १९०० सालच्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथे दीड हजारांवर स्त्रिया व मुले झाली. शेती, विणकाम, छापखाना व शाळा ही सर्व मुलींच्या हातांनी चालत. आंधळ्यांसही वाचावयास शिकवीत. अनाथ मुलीस केवळ पोटास घालून भागत नाही. तिला अब्रू, विद्या व हुन्नर मिळाला पाहिजे, असे रमाबाईंनी कृतीने दाखविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या काळी नव्हता असा कायदा आज आपल्या हाती आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असावी लागते. निराधार मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्यास समितीपुढे आणिले पाहिजे. हेतू चांगला असला तरी मूल परस्पर घरी ठेवून घेऊ नये, कोणास देऊही नये. १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करिता येतो.

तर उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, आपल्या गावचे लेकरू आश्रमशाळेत किंवा बालगृहात असेल तर आईबापांबरोबर त्याच्या भेटीस जावे. त्यास काय खावयास मिळते, इतकेच विचारून परत येऊ नये. रात्री त्याजवळ कोण असते, ते कोणास भिते, हेही प्रेमाने विचारावे. आणि उत्तर ऐकून बोलावे लागले, तर रमाबाईंप्रमाणे बोलावे.