विश्लेषण : रक्तदाबामागची गाठ शोधणारे डॉ. जेरोम कॉन कोण होते? त्यांच्या आजाराचे ‘प्रकार’ ओळखणे इतके अवघड का?

उच्च रक्तदाबाचे निदान झाले की गोळी सुरू होते आणि कारणाचा शोध बहुतेक वेळा तिथेच थांबतो. काही रुग्णांमध्ये मात्र मूळ दोष मूत्रपिंडांच्या वर असलेल्या छोट्याशा ॲड्रिनल ग्रंथींत असतो. हे दाखवून देणारे अमेरिकी डॉक्टर म्हणजे जेरोम कॉन.

घामापासून सुरुवात

कॉन यांचा जन्म १९०७ मध्ये न्यूयॉर्कचा. मिशिगन विद्यापीठातून ते १९३२ मध्ये डॉक्टर झाले. ते दिवस महामंदीचे होते. शिक्षणाच्या खर्चाला बहिणींनी हातभार लावला. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी याच विद्यापीठात काढली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आला : पॅसिफिकच्या उकाड्यात लढणाऱ्या सैनिकांचे शरीर उष्णतेला सरावते कसे? सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असते, हे त्यांना प्रयोगांत दिसले. ॲड्रिनल ग्रंथीतील एखादे संप्रेरक सोडियम धरून ठेवत असावे, असा त्यांचा कयास होता. ते संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, १९५३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी वेगळे केले.

ती रुग्ण आणि ती शस्त्रक्रिया

१९५४ मध्ये ३४ वर्षांची एक महिला त्यांच्याकडे आली. रक्तदाब वाढलेला, स्नायूंत पेटके, मधूनच पाय लुळे पडत. रक्तात पोटॅशियम फारच कमी आणि घामात सोडियमही कमी. घामाचा जुना अभ्यास इथे कामी आला. कॉन यांनी अनेक महिने तिच्या चाचण्या केल्या आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोतील अध्यक्षीय भाषणात या आजाराला नावही देऊन टाकले : प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. तोवर पोट उघडलेलेही नव्हते!

डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. दोन्ही ग्रंथी काढण्याची तयारी होती. सर्जन विल्यम बॉम यांना उजव्या ग्रंथीत सुमारे ४ सेंमीची गाठ सापडली. तेवढीच काढली, डावी ग्रंथी वाचली आणि रुग्ण बरी झाली. (पोलंडमधील मिखाऊ लित्यिन्स्की यांनी १९५३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, पण लेख पोलिश भाषेत असल्याने जगाचे लक्ष गेले नाही.)

मग अडचण कुठे?

सगळ्यांनाच अशी एक गाठ नसते, ही खरी अडचण. अनेकांमध्ये दोन्ही ग्रंथी जादा अल्डोस्टेरॉन तयार करतात. अशांची एक ग्रंथी काढून आजार सहसा जात नाही. त्यांना स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे लागतात. क्वचित आनुवंशिक प्रकारही आढळतात.

आजार आहे का, हे रेनिनवरून कळते. गिझरचा थर्मोस्टॅट आठवा : पाणी तापले की तो वीज तोडतो. तसेच शरीरात मीठ-पाणी पुरेसे झाले की मूत्रपिंड रेनिन कमी करते आणि मग अल्डोस्टेरॉनही घटायला हवे. इथे रेनिन खाली जाते, अल्डोस्टेरॉन मात्र चढेच राहते. पण बिघाड डावीकडे, उजवीकडे की दोन्हीकडे, हे रेनिन सांगत नाही.

सीटी स्कॅनवरही पूर्ण भरवसा नाही. उतारवयात ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी सर्रास दिसतात आणि खरी दोषी गाठ इतकी लहान असू शकते की स्कॅनमध्ये उमटतच नाही. चुकीची बाजू निवडली तर चांगली ग्रंथी जाते. म्हणून जांघेतील शिरेतून बारीक नळी थेट दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांपर्यंत नेतात, रक्ताचे नमुने घेतात आणि अल्डोस्टेरॉनची तुलना करतात. नळी योग्य शिरेत होती ना, हे कॉर्टिसोलवरून ताडतात. उजवी शीर आखूड असते आणि थेट मोठ्या महाशिरेत उघडते, त्यामुळे कसलेल्या हातांनाही ती चकवते.

आकड्यांचा वाद

अज्ञात कारणाचा मानल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या २० टक्क्यांपर्यंत रुग्णांत हाच आजार असावा, असा कॉन यांचा अंदाज होता. सहकाऱ्यांना तो अतिशयोक्त वाटला. पुढे कित्येक वर्षे हे प्रमाण जेमतेम एक टक्का मानले गेले. कारण डॉक्टर पोटॅशियम कमी असलेल्यांनाच तपासत होते. पोटॅशियम सामान्य असूनही हा आजार असू शकतो, हे कॉन यांनी १९६५ मध्येच मांडले होते. अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तराची चाचणी रुळल्यानंतर हे प्रमाण ५ ते १० टक्के आणि काही गटांत त्याहूनही अधिक आढळू लागले.

कॉन १९७४ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. एका बाजूच्या गाठीमुळे होणारा प्रकार आजही ‘कॉन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो.