स्टॅनिस्लॉस झ्बिश्को : एका पराभूत मल्लाचे चरित्र

गामा पहिलवानाच्या नावाभोवती आपल्याकडे ज्या कथा रूढ झाल्या आहेत, त्यांत एक परदेशी मल्ल हटकून भेटतो. लंडनच्या मैदानावर तो अडीच तासांहून अधिक काळ पालथा पडून राहिला आणि पुढे पतियाळ्यात एका मिनिटाच्या आत चीत झाला, एवढेच त्याचे चरित्र आपल्या परिचयाचे आहे. विजेत्याची कथा सांगताना प्रतिमल्लाला जेवढी जागा द्यावीच लागते, तेवढीच स्टॅनिस्लॉस झ्बिश्कोच्या वाट्याला आली. वस्तुतः तारुण्यात एका कादंबरीतून आपले नाव उचलणारा, दोनदा जगज्जेतेपद मिळविणारा आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर एका गुन्हेपटात अविस्मरणीय भूमिका करणारा हा मनुष्य स्वतंत्र विचारास पात्र आहे. खरी कुस्ती आणि कुस्तीचा देखावा ह्यांतील झगडा त्याच्या आयुष्यात जितक्या विचित्र रीतीने प्रकटला, तितका तो फार थोड्या मल्लांच्या आयुष्यात आढळतो.

त्याचे मूळ नाव यान स्टानिस्वाव त्सिगानिएविच. १८८० च्या सुमारास क्रॅकोच्या पूर्वेस योद्वोवा ह्या गावी त्याचा जन्म झाला. हा गॅलिशिया प्रांत त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. १७७२ ते १७९५ ह्या काळात रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला होता आणि १९१८ पर्यंत तो देश नकाशावर नव्हता. राष्ट्र नाहीसे झाले की त्याचे पुष्कळसे कार्य साहित्याला करावे लागते. हेन्रिक सिएनकिएविच ह्या कादंबरीकाराने पोलंडच्या गतवैभवाच्या कथा लिहून हे कार्य केले. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या ज्या दशकात महाराष्ट्रात वाचल्या जाऊ लागल्या, त्याच दशकाच्या अखेरीस त्याची ट्यूटॉनिक सरदारांवरील कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊन १९०० मध्ये पूर्ण झाली. तिचा तरुण नायक म्हणजे झ्बिश्को हा निधड्या छातीचा पोलिश वीर. त्सिगानिएविचला त्याच्या सवंगड्यांनी हेच नाव बहाल केले, असे सांगतात. त्याने ते आखाड्यात आयुष्यभर मिरविले आणि त्याचा धाकटा भाऊ व्वादिस्वाव ह्यानेही मल्ल म्हणून तेच धारण केले. कादंबरीतील पात्राचे नाव अशा रीतीने दोन हाडामांसाच्या माणसांचे नाव झाले.

झ्बिश्को अडाणी दांडगट नव्हता. त्याला अनेक भाषा अवगत होत्या आणि विद्येविषयी त्याची आस्था समकालीनांच्या नजरेत भरली होती. ग्रीको-रोमन पद्धतीच्या कुस्तीत तो तयार झाला. ह्या पद्धतीत कमरेखाली पकड घेण्यास मनाई असते. त्यामुळे छाती, मान आणि बाहू ह्यांच्या बळावर सारी भिस्त राहते. बुटका बांधा, प्रचंड छाती आणि खांद्यांत रुतलेली मान असे त्याचे शरीर जणू ह्याच पद्धतीसाठी घडले होते. युरोपात नाव मिळवून तो अमेरिकेत गेला. नोव्हेंबर १९०९ मध्ये बफेलो येथे त्याने जगज्जेता फ्रँक गॉच ह्याला तासभर झुंजवून कुस्ती बरोबरीत सोडविली. जून १९१० मध्ये शिकागोस पुन्हा गाठ पडली, तेव्हा हस्तांदोलनासाठी तो पुढे होताच गॉचने त्याला धरून काही सेकंदांतच पाडले. दुसरी फेरीही गॉचनेच जिंकली. ह्या कटू अनुभवानंतर अवघ्या तीन महिन्यांनी तो लंडनच्या मैदानात गामासमोर उभा राहिला.

ती तारीख १० सप्टेंबर १९१०. 'जॉन बुल' पट्टा आणि २५० पौंडांचे इनाम पणाला लागले होते. गामाने आरंभीच त्याला खाली आणले. ह्यानंतर झ्बिश्कोने बहुतेक सारा वेळ खाली दबून स्वतःचे रक्षण करण्यात घालविला. वजनाने आपल्याहून पुष्कळ भारी असलेल्या ह्या देहाला उताणे करण्यासाठी गामाने आपले सारे डाव वापरले, परंतु अडीच तासांहून अधिक वेळ लोटला तरी पाठ काही जमिनीला लागली नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. पुढच्या आठवड्यात निकाली कुस्ती ठरली होती. तिला झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

ह्या प्रसंगाचा निवाडा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. खालच्या मल्लाने दबून राहावे आणि वरच्याने त्याला पलटावे, हा प्रकार ग्रीको-रोमन पद्धतीत आहे तसाच आपल्या कुस्तीतही आहे. बचाव हा नियमबाह्य नव्हता आणि गामासारख्या मल्लापुढे तो इतका वेळ टिकविणे हेही लहान बळाचे काम नव्हे. मात्र केवळ बचावासाठीच लढणे आणि पुढे निकालाच्या दिवशी मैदानच टाळणे, ह्याचे समर्थन करता येत नाही. ह्या कुस्तीची आणखी एक बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्याच वर्षी जुलै महिन्यात क्रॅको येथे ग्रुनवाल्डच्या विजयाचा पाचशेवा वार्षिक सोहळा होऊन स्मारकाचे अनावरण झाले होते. सिएनकिएविचच्या कादंबरीचा शेवट ह्याच लढाईने होतो. म्हणजे लंडनमध्ये समोरासमोर आलेले हे दोघेही स्वराज्य गमावलेल्या देशांचे पुत्र होते. गामाच्या विजयाने हिंदुस्थानाला हर्ष झाला. झ्बिश्कोच्या नावात एका पराधीन राष्ट्राने जी वीरश्री साठवून ठेवली होती, ती मात्र त्या दिवशी मैदानावर दिसली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत परतला, तेव्हा तेथील कुस्तीचे स्वरूप पालटत होते. तासन् तास चालणाऱ्या चिवट झुंजींचा प्रेक्षकांना कंटाळा येई; म्हणून व्यवस्थापक कुस्त्या आधीच ठरवू लागले होते. आपल्या तालमींच्या भाषेत सांगायचे तर नूरा कुस्तीचे राज्य सुरू झाले होते. ६ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एड 'स्ट्रँगलर' लुईस ह्याला हरवून झ्बिश्को जगज्जेता झाला आणि मार्च १९२२ मध्ये विचिटा येथे लुईसनेच ते पद परत घेतले. जानेवारी १९२५ मध्ये लुईसच्या गोटाने वेन मन ह्या फुटबॉलपटूला जगज्जेता केले. मन देहाने भव्य होता, परंतु कुस्तीची विद्या त्याच्यापाशी बेताचीच होती. त्याची प्रतिष्ठा वाढावी म्हणून नामांकित मल्लांनी त्याच्याकडून हरावे, असा बेत होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात झ्बिश्कोची पाळी आली आणि त्याने अनपेक्षितपणे मनापासून कुस्ती केली. मन उताणा पडला. बेत उधळला आणि जगज्जेतेपद पंचेचाळिशीच्या ह्या मल्लाकडे आले.

हा प्रसंग खऱ्या कुस्तीचा विजय म्हणून रंगविण्याचा मोह होतो. परंतु ३० मे रोजी सेंट लुईस येथे झ्बिश्कोने तेच पद विरोधी गोटातील जो स्टेचरकडे जाऊ दिले आणि हा सारा व्यवहार त्या गोटाशी आधीच ठरला होता, असे कुस्तीचे इतिहासकार मानतात. ज्या व्यवसायात खोटेपणा हाच करार होता, तेथे खरी कुस्ती करणे हाच दगा ठरला, आणि तो दगाही दुसऱ्या व्यवहाराच्या पोटात शिरलेला होता. ह्या गुंत्यातून झ्बिश्कोला निष्कलंक बाहेर काढता येत नाही. तसा प्रयत्न करूही नये.

जानेवारी १९२८ मध्ये पतियाळ्याचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांच्या आश्रयाने गामा आणि झ्बिश्को पुन्हा समोरासमोर आले. मध्ये अठरा वर्षे गेली होती. दोघेही पन्नाशीला टेकले होते. ह्या वेळी निकालाला एक मिनिटही लागला नाही. लंडनमध्ये अडीच तासांत जे झाले नव्हते, ते येथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडले. आपल्याकडील कथा येथे संपते. मात्र लंडनची निकाली कुस्ती ज्याने टाळली, तो मनुष्य वयाच्या ह्या टप्प्यावर इतका प्रवास करून गामाच्याच देशात येऊन उभा राहिला, हे ती कथा सांगत नाही. जुन्या ऋणाची ती फेड असेल वा केवळ बिदागीचे आकर्षण असेल. परंतु १९१० चा अपुरा निकाल त्याने अखेर हजारो भारतीयांच्या देखत पुरा होऊ दिला.

ह्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी लंडन त्याच्या आयुष्यात पुन्हा आले. जूल्स दासँ ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९४९ मध्ये तेथे 'नाइट अँड द सिटी' हा चित्रपट काढला. तो १९५० मध्ये प्रदर्शित झाला. जेरल्ड कर्श ह्याच्या १९३८ मधील कादंबरीवर तो बेतला होता. फ्रेंच समीक्षकांनी ज्या काळोख्या गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' असे नाव दिले, त्यांतील हा एक श्रेष्ठ नमुना गणला जातो. स्वतः दासँवर त्या वेळी साम्यवादी असल्याच्या संशयाची छाया होती आणि हॉलीवुडचे दरवाजे त्याला बंद होत होते. ग्रेगोरियस ह्या वृद्ध ग्रीक मल्लाच्या भूमिकेसाठी त्याला नट नको होता. खरा मल्ल हवा होता. शोध घेता घेता तो झ्बिश्कोपर्यंत पोहोचला.

चित्रपटात ग्रेगोरियसचा मुलगा क्रिस्टो लंडनमधील कुस्तीच्या धंद्यावर हुकमत गाजवितो. मुलाने चालविलेले सवंग तमाशे पाहून बापाचा संताप होतो. हॅरी फेबियन नावाचा एक भुरटा दलाल त्या संतापाचे भांडवल करून स्वतःचा धंदा उभारू पाहतो. अखेर तालमीच्या रिकाम्या रिंगणात ग्रेगोरियस आणि 'स्ट्रँगलर' ह्या उर्मट मल्लाची जुंपते. तिकिटे नाहीत, प्रेक्षक नाहीत, निकाल ठरलेला नाही. वृद्ध मल्ल मगरमिठी घालून शत्रूला नमवितो आणि थोड्याच वेळात मुलाच्या सान्निध्यात प्राण सोडतो. फेबियनचा त्यानंतर रात्रभर होणारा पाठलाग आणि त्याचा अंत हा ह्या मृत्यूचाच परिणाम आहे. स्ट्रँगलरची भूमिका करणारा माइक मझुर्की हाही मल्लविद्येतूनच पडद्यावर आलेला. आणि योगायोग असा, की त्याचाही जन्म १९०७ मध्ये त्याच गॅलिशियातील तार्नोपोल येथे झाला होता. लयाला गेलेल्या एका साम्राज्याच्या एकाच प्रांतातील दोन मल्ल अमेरिकन चित्रपटासाठी लंडनमध्ये झुंजत होते.

ही झुंज अर्थातच आधी आखलेली होती. चित्रपटात दुसरे काही असूच शकत नाही. तरीही ती पाहताना त्या मानेचा ताठा, दोन्ही हातांची पकड आणि श्वासासाठी चाललेली तडफड ह्यांत अभिनय कोठे संपतो हे सांगता येत नाही. आयुष्याचा मोठा भाग ज्याने ठरवून केलेल्या कुस्तीच्या बाजारात काढला, त्याला त्या बाजाराचा धिक्कार करण्याची संधी एका कल्पित पात्राच्या मुखाने मिळाली. जेथे सारेच खोटे आहे हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते, तेथेच त्याची विद्या सर्वांत खरी वाटावी, ह्यात कलेचे एक जुनेच रहस्य आहे.

अखेरच्या काळात झ्बिश्को मिसूरी राज्यातील आपल्या शेतावर राहून तरुण मल्लांना शिकवीत असे. पुढे प्रसिद्धीस आलेला हार्ली रेस हा त्यांच्यापैकी एक. २३ सप्टेंबर १९६७ रोजी सेंट जोसेफ येथे त्याचे निधन झाले. गामा त्याच्या आधी, १९६० मध्ये, लाहोरला निवर्तला होता. त्यानंतर एका अमेरिकन व्यावसायिक मल्लाने झ्बिश्को हे नाव आदरपूर्वक स्वीकारले आणि सिएनकिएविचच्या नायकाचे नाव आणखी एका पिढीपर्यंत पोहोचले.

पराभूताचे चरित्र लिहिणे म्हणजे त्याला विजयी ठरविणे नव्हे. गामा श्रेष्ठ होता, ह्याविषयी पतियाळ्याने शंका उरू दिली नाही. परंतु गामाच्या थोरवीचे माप ज्याच्यावर घेतले जाते, तो मल्ल सामान्य असता तर त्या मापालाही अर्थ उरला नसता. आपल्या कुस्तीकथांत झ्बिश्कोला थोडी अधिक जागा मिळाली, तर त्यात गामाचाही मानच आहे.