शिवनेरीवरचीं पत्रें आणि नाना फडणवीस

जुन्नरच्या बाजारास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं शिवनेरी किल्ला कितीदां तरी पाहिला असेल. शिवाजी महाराजांचें जन्मस्थान म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाराजांच्या जन्मानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच किल्ल्यावर एक तरुण कैदी बसला होता, आणि त्यानें चोरून पाठविलेल्या पत्रांनीं पुण्याचा दरबार हालला, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असेल. हीं पत्रें ज्यांनीं पकडलीं ते नाना फडणवीस. भीमाशंकराच्या देवळाचें शिखर ज्यांनीं बांधविलें म्हणून आंबेगांव तालुक्यांत ज्यांचें नांव अजून घेतात, तेच हे. (त्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा मूळची वसईकडील पोर्तुगीज ख्रिस्ती देवळांतली, १७३९ सालीं वसई घेतल्यावर मराठ्यांनीं अशा घंटा आणिल्या. पण तो विषय निराळा.) नानांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों, तें मुख्यतः पत्रव्यवहाराच्या बाजूनें, कारण हा मनुष्य तलवारीचा नव्हता, लेखणीचा होता.

नानांचें खरें नांव बाळाजी जनार्दन भानु. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील श्रीवर्धनचें. आजोबा पहिल्या पेशव्यांच्या बरोबर देशावर आले व पुढें फडणिशी घराण्यांत चालत आली. फडणीस म्हणजे सरकारच्या फडावरचा मुख्य हिशेबनीस. जमाखर्च, सनदा, हुकूम, सर्व कागद त्याच्या हाताखालून जावयाचे. वडील १७५६ सालीं वारले, तेव्हां नाना अवघे चौदा वर्षांचे होते. त्या वयांत हें काम त्यांच्या अंगावर पडलें.

एकोणिसाव्या वर्षीं ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर पानिपतास गेले. १४ जानेवारी १७६१ च्या त्या भयंकर दिवशीं ते जीव वांचवून निसटले, परंतु बरोबर असलेल्या मातोश्री पुन्हां त्यांच्या दृष्टीस पडल्या नाहींत. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे, आणि तींत आपलें भय व आपली दुर्बळता त्यांनीं लपविली नाहीं. पुढें जन्मभर ते लढाईच्या तोंडापासून दूर राहिले. लोक त्यांस भित्रे म्हणत. आम्हांस वाटतें कीं ज्यानें पानिपत पाहिलें त्यास असें म्हणण्याचा अधिकार फार थोड्यांस आहे.

त्या काळचें दरबारी पत्र कसें असे, हें येथें सांगितलें पाहिजे. बोरूनें, मोडी अक्षरांत, शब्द न तोडतां ओळीच्या ओळी लिहीत. आरंभीं ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणें मायना. त्यांत एक शब्द कमी पडला तर रुसवा होई. मजकुराच्या शेवटीं लहान शिक्का, ज्यास मोर्तब म्हणत, तो उमटवीत, म्हणजे खालीं कोणी ओळ वाढवूं नये. गुप्त गोष्ट मूळ पत्रांत न घालतां वेगळ्या पुरवणीवर लिहीत. मग जासूद तें घेऊन पायीं किंवा सांडणीवर निघे. हैदराबाद, श्रीरंगपट्टण, दिल्ली, अशा ठिकाणीं पुण्याचे वकील बसलेले असत, आणि तेथें कोण आलें, कोण गेलें, कोणाची मर्जी फिरली, हें सर्व ते पुण्यास लिहीत. नानांच्या कारकीर्दींत ही बातमीची व्यवस्था इतकी पक्की झाली कीं इंग्रजांच्या वकिलांनाही तिचा धाक वाटे.

मोर्तबानें पत्राच्या खालीं भर घालतां येत नसे. परंतु मधलें अक्षर बदललें तर काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत गारद्यांनीं खून केला. चुलते रघुनाथराव यांनीं त्यांस धरावें असा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईंनीं त्यांतील ‘ध’ चा ‘मा’ केला, अशी कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. तो कागद इतिहासास सांपडलेला नाहीं. परंतु रघुनाथरावांकडे खुनाचा दोष येतो असा निर्णय रामशास्त्री प्रभुणे यांनीं दिला, हें खरें. नाना व दुसरे मुत्सद्दी एकत्र झाले, त्यांस बारभाई म्हणतात. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावांच्या विधवेस मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि कारभार नानांच्या हातीं गेला.

रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. येथून जें युद्ध सुरू झालें त्यांतील लढायांची यादी आम्ही देत नाहीं. वाचकांनीं एक गोष्ट मात्र लक्षांत घ्यावी, ती अशी कीं, त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अमेरिकेंतील तेरा वसाहती त्याच इंग्रज राजाशीं लढत होत्या. बेंजामिन फ्रँकलिन हे डिसेंबर १७७६ मध्यें पॅरिसास पोहोंचले व फ्रान्सची मदत मागूं लागले. इकडे १७७७ सालीं सेंट लुबीन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला, तेव्हां नानांनीं त्याचा मोठा सन्मान केला व मुंबईकर इंग्रजांच्या पोटांत गोळा उठविला. फ्रँकलिन यांस ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं तह मिळाला, पुढें फौज व आरमार मिळालें. नानांस आश्वासनांपलीकडे कांहीं मिळालें नाहीं. परंतु शत्रूच्या मनांत भीति घालण्याचें काम त्या कोऱ्या आश्वासनानेंही झालें, आणि नानांस बहुधा तेवढेंच हवें होतें.

न पाठविलेलें पत्रही काम करितें, हें नानांस पक्कें कळलें होतें. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीं महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीनें ठरला. कलकत्त्याहून मंजुरीही लवकर आली. नानांनीं मात्र आपली मंजुरी नऊ महिने दाबून ठेविली. हैदरअली अजून इंग्रजांशीं लढत होता. जोंवर नानांचा शिक्का नाहीं तोंवर इंग्रजांस धास्ती व हैदरासही धास्ती. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर मरण पावला, आणि मग फेब्रुवारी १७८३ मध्यें नानांनीं तो कागद पुरा केला. त्याच सालीं सप्टेंबरांत पॅरिस येथें इंग्रजांनीं अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें, आणि डिसेंबरांत रघुनाथराव कोपरगांव येथें वारले.

रघुनाथरावांमागें अमृतराव, बाजीराव व चिमाजी आप्पा हे तिघे राहिले. अमृतराव दत्तक होते. या मुलांनीं स्वतः कांहीं अपराध केला नव्हता. परंतु ते रघुनाथरावांचे पुत्र होते, एवढें नानांस पुरे होतें. प्रथम कोपरगांवास, मग नाशिकजवळ आनंदवल्लीस त्यांस पहाऱ्यांत ठेविलें, आणि १७९४ सालीं आनंदीबाई वारल्यावर तिघांस शिवनेरीवर चढविलें.

बाजीराव त्या वेळीं एकोणीस वर्षांचे होते. पुण्यास सवाई माधवराव वीस वर्षांचे. नात्यानें बाजीराव चुलते, वयानें मात्र काहीं महिन्यांनीं लहान. एकाच्या बापाच्या खुनाचा दोष दुसऱ्याच्या बापावर, तरी या दोघांस एकमेकांची ओढ लागली. किल्ल्यावरील पहारेकऱ्यांपैकीं बळवंतराव नागनाथ यांस बाजीरावांनीं वश केलें आणि त्यांच्या हातून पुण्यास पत्र धाडलें. आपण दोघेही बंदींतच आहों, एक जुन्नरास व एक पुण्यास, पण मनें मोकळीं आहेत, तीं मिळूं द्यावीं, अशा आशयाचें तें पत्र होतें असें इतिहासकार ग्रँट डफ यांनीं लिहिलें आहे. तरुण पेशव्यांस तें फार गोड लागलें. पुण्याहून शिवनेरी सुमारें ५५ मैल. तेवढ्या वाटेनें कांहीं दिवस पत्रें येत जात राहिलीं.

नानांस तें कळलें, आणि न कळतें तरच नवल. त्यांनीं बळवंतरावांस बेड्या घालून दुसऱ्या किल्ल्यावर ठेविलें, शिवनेरीवरील पहारा अधिक कडक केला, आणि आपल्या धन्यास कठोर शब्दांत दोष दिला. येथें आमचें मत सांगतों. नानांचें भय खोटें नव्हतें. बाजीरावांचा स्वभाव पुढें जगानें पाहिला. परंतु एकवीस वर्षांचा राजा, ज्याच्या नांवानें दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंत पत्रें जात, त्याला स्वतःचें म्हणून एक पत्र लिहितां येऊं नये, हें कांहीं राज्य चालविणें नव्हे. मार्च १७९५ मध्यें खर्ड्याची लढाई जिंकून नाना कीर्तीच्या शिखरावर होते. अशा वेळीं घरांतील एक चिठ्ठी सोसण्याचें मन त्यांस झालें नाहीं.

त्याच मार्च महिन्यांत इंग्लंडशीं झालेला एक नवा तह अमेरिकेची तेव्हांची राजधानी फिलाडेल्फिया येथें पोहोंचला. वकील जॉन जे यांनीं लंडनास १९ नोव्हेंबर १७९४ रोजीं त्यावर सही केली होती. समुद्रावरून येण्यास तीन महिन्यांहून अधिक लागले. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं तो गुप्त ठेविला. परंतु राज्यघटनेप्रमाणें सेनेट सभेच्या दोनतृतीयांश सभासदांची संमति पाहिजे होती. जून महिन्यांत वीस विरुद्ध दहा मतांनीं ती मिळाली, आणि एका सभासदानें तो कागद वर्तमानपत्रास देऊन टाकिला. देशभर गलका झाला. वॉशिंग्टन यांस त्याचा फार त्रास झाला, पण राज्य मोडलें नाहीं. पुण्यास सभाही नव्हती व वर्तमानपत्रही नव्हतें. सर्व कागद एका माणसाच्या पेटींत.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं कोसळले आणि २७ तारखेस वारले. तापाच्या भरांत तोल गेला, कीं दुःखानें त्यांनीं उडी घातली, याविषयीं विद्वानांत वाद आहे. शिवनेरीच्या पत्रांवरून झालेला अपमान त्यांच्या मनास लागला होता, हें ग्रँट डफ यांचें म्हणणें. दुसरे तें मानीत नाहींत.

पेशव्यांस मूल नव्हतें. नाना दत्तकाची खटपट करीत असतां शिवनेरीवरून पुन्हां एक पत्र निघालें, आणि या वेळीं तें दौलतराव शिंद्यांच्या कारभाऱ्याकडे. बाजीरावांनीं चार लक्षांचा मुलूख व फौजेचा खर्च देऊं केला. नानांनीं हें ऐकतांच आपणच पुढें सरावें असें ठरविलें व परशुरामभाऊ पटवर्धनांस जुन्नरास पाठविलें. अमृतरावांस विश्वास वाटेना, म्हणून भाऊंनीं गाईचें शेंपूट धरून शपथ वाहिली, आणि १७९६ च्या वसंतांत बाजीराव किल्ल्याखालीं उतरले. ज्या मुलास वर्षापूर्वीं एक पत्र लिहूं दिलें नाहीं, त्याच्याच पुढें नानांस आतां मान लववावी लागली.

पुढें शिंद्यांच्या मंडळींनीं चिमाजी आप्पांस गादीवर बसविलें, परशुरामभाऊही तिकडे मिळाले, आणि नाना पळून वाईमार्गें कोंकणांत महाडास गेले. वय चौपन्न, शरीर खंगलेलें, राजधानी शत्रूच्या हातीं. जवळ पैसा होता आणि लेखणी होती. महाडांत बसून त्यांनीं निजामास, होळकरांस, नागपुरकर भोसल्यांस, खुद्द बाजीरावांस, आणि दौलतराव शिंद्यांसही पत्रें लिहिलीं. प्रत्येकाला काय हवें तें त्यांस ठाऊक होतें. निजामास खर्ड्याला गमावलेलें परत, शिंद्यांस मोठी जहागीर व अहमदनगरचा किल्ला. कांहीं महिन्यांत सारी बाजू फिरली; डिसेंबर १७९६ मध्यें बाजीराव पेशवे झाले व नाना कारभारी. एवढें काम केवळ कागदावर दुसऱ्या कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. मात्र खर्ड्याचा विजय त्यांत खर्ची पडला, हेंही खरें.

बाजीराव शिवनेरी विसरले नव्हते. १७९७ च्या शेवटच्या दिवशीं शिंद्यांच्या गोऱ्या सरदारानें नानांस भेटीस बोलावून दग्यानें धरिलें, आणि त्याच अहमदनगरच्या किल्ल्यांत नेऊन कैदेंत ठेविलें. पहाऱ्यांतल्या दिवसांची लांबी किती असते, हें तेथें त्यांस कळलें असेल. पुढच्या वर्षीं पैसा भरून ते सुटले, कारभारावर परत आले, पण धनी व कारभारी यांच्यांत विश्वास उरला नव्हता. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यास वारले. तीन वर्षांच्या आंत, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, बाजीरावांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला, आणि परदरबारांशीं स्वतंत्र पत्रव्यवहार करण्याचा पेशव्यांचा हक्क त्यांत संपला.

नानांस पुत्र नव्हता. मागें जिऊबाई नांवाची नऊ वर्षांची पत्नी राहिली. अमेरिकेंत १७८९ च्या कायद्यानें सरकारी कागद व शिक्का हे परराष्ट्रखात्याच्या प्रधानाच्या कचेरींत राहत. प्रधान बदलला तरी कागद जागचे हालत नसत. नानांचे कागद त्यांच्या वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यांत राहिले, घरखर्चाच्या यादीशेजारीं राजांचीं पत्रें. पुढें इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं त्यांतील पुष्कळ कागद छापून प्रसिद्ध केले. तो वाडा कृष्णेच्या कांठीं अजून उभा आहे, आणि तेथील घाटावर वसईकडची दुसरी एक घंटा टांगलेली आहे.